नवा घाट : चढताना वाचावा, उतरताना आठवावा



आपल्यापैकी अनेकांनी अलीकडच्या काळात पुन्हा सायकल हाती घेतली आहे. कोणाला डॉक्टरांनी सांगितले, कोणाच्या घरी मुलांची सायकल धूळ खात पडली होती, कोणी केवळ सकाळची वेळ चांगली जावी म्हणून सुरुवात केली. काही महिने सपाट रस्त्यावर फेऱ्या झाल्या की एक गोष्ट आपोआप घडते. रोज दिसणाऱ्या डोंगराकडे नजर जाऊ लागते. तिथे एक रस्ता वर चढताना दिसतो आणि प्रश्न पडतो की आपल्याला हा जमेल का, आणि पलीकडे काय असेल?

हा प्रश्न पडणे हे चांगले लक्षण आहे. त्याचे उत्तर घाईने शोधायला गेले की मात्र बहुतेकांची गडबड होते. एखाद्या रविवारी उत्साहाच्या भरात निघायचे, अर्ध्या चढात धाप लागून बसायचे, मग कसेबसे वर पोहोचून उतारावर सायकल मोकळी सोडायची, हा क्रम आपण वारंवार पाहतो. त्यात गुडघे दुखावतात, कधी त्याहून गंभीर काही होते, आणि पुन्हा त्या वाटेला जाण्याची इच्छाच उरत नाही. म्हणून आजच्या पाठात एवढाच विषय घेऊ या : घराजवळचा, पण सायकलवर कधी न केलेला चढाचा रस्ता कसा ओळखावा.

अभ्यासासाठी उदाहरण पुण्याचे घेतले आहे. बेंगळुरूच्या वाचकांनी नंदी टेकडीचा चढ डोळ्यांपुढे आणावा, इंदूरच्या वाचकांनी सिमरोलचा घाट, डेहराडूनच्या वाचकांनी मसुरीचा रस्ता. तपशील बदलतील, पद्धत तीच राहील.

वाट कोणती?

पुण्याच्या दक्षिणेला सिंहगडापासून पूर्वेकडे भुलेश्वरपर्यंत एक डोंगररांग गेली आहे. पुण्याहून सासवडकडे किंवा साताऱ्याकडे जायचे तर ही रांग कुठेतरी ओलांडावीच लागते. कात्रजचा घाट, बोपदेव घाट आणि दिवे घाट ही या एकाच भिंतीतील तीन दारे आहेत. त्यातील बोपदेव आणि दिवे या दोन दारांची मिळून एक सुंदर फेरी होते. कोंढव्याहून येवलेवाडी, तिथून बोपदेव घाट चढून भिवरी, बोपगाव करत सासवड. सासवडहून झेंडेवाडीमार्गे दिवे घाट उतरून वडकी, फुरसुंगी आणि हडपसर. आपले घर कोठे आहे यावर थोडे कमी-अधिक, पण अंतर साठ किलोमीटरच्या आसपास भरते.

मोटारीने आपण या रस्त्याने दहा वेळा गेलेलो असतो. जेजुरीला जाताना, नारायणपूरला जाताना, कोणाच्या लग्नाला जाताना. म्हणून वाटते की वाट ओळखीची आहे. प्रत्यक्षात मोटारीत बसून आपण रस्ता ओलांडतो, ओळखत नाही. चढ कोठे सुरू होतो हे तिथे इंजिनाला कळते, आपल्याला नाही. घाट सुरू होण्याच्या कितीतरी आधीपासून, येवलेवाडीच्या वस्तीतूनच रस्ता हळूहळू वर जात असतो, ही गोष्ट सायकलवर बसेपर्यंत कोणाच्या लक्षातही येत नाही. जी वाट ओळखीची वाटते तिच्याबद्दल जिज्ञासा संपते, आणि जिज्ञासा संपली की अवधान संपते. तेव्हा पहिली तयारी मनाची : दहा वेळा गेलेला हा रस्ता मला माहीत नाही, असे धरून चालावे.

घरी बसून करायचा अभ्यास

भारतीय सर्वेक्षण विभागाचे १:५०,००० प्रमाणाचे नकाशे अनेकांनी भूगोलाच्या तासाला पाहिले असतील. त्यावर समान उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या तपकिरी रेषा असतात. सर्वसाधारणपणे दोन लगतच्या रेषांमध्ये २० मीटर उंचीचा फरक असतो, आणि नकाशावरचे दोन सेंटीमीटर म्हणजे जमिनीवरचा एक किलोमीटर. आता रस्त्यावर बोट ठेवून पाहा. दोन सेंटीमीटरच्या अंतरात रस्ता तीन रेषा ओलांडत असेल तर एका किलोमीटरमध्ये तो ६० मीटर वर गेला, म्हणजे चढ सहा टक्के झाला. शंभर मीटर पुढे गेलो की सहा मीटर वर. मोबाइलवरचे नकाशेही आज हाच हिशेब काढून देतात. पण एकदा तरी बोटाने रेषा मोजून पाहाव्यात. डोंगराचा आकार मनात बसतो तो तसाच.

सहा टक्के हा आकडा मात्र सरासरी असतो, आणि सरासरी फार सौम्य बोलते. एखाद्या वळणात तोच चढ दहा टक्क्यांवर जातो, पुढच्या सरळ पट्ट्यात चारवर येतो. आपल्याकडे वाहने डाव्या बाजूने चालतात. त्यामुळे डावीकडे वळणाऱ्या नागमोडी वळणात आपली बाजू आतली येते, आणि वळणाची आतली कड हीच सर्वांत उभी असते. गिअर तिथे पोहोचल्यावर बदलायला गेलो तर साखळी ताणाखाली कुरकुरते, कधी निसटते. म्हणून वळण दिसताच, पायावर जोर येण्याआधी, गिअर हलका करून ठेवावा.

आता थोडे गणित करू या. ज्यांना गणिताचा कंटाळा असेल त्यांनीही हे वाचावे, कारण भीती घालवण्याचे काम ते चांगले करते. समजा, चार किलोमीटरच्या चढात आपण २५० मीटर उंची गाठतो. स्वार आणि सायकल मिळून वजन ८० किलो धरू. एवढे वजन एवढ्या उंचीवर नेण्यासाठी लागणारे काम सुमारे १९६ किलोज्यूल होते. शरीर खर्च करते त्या ऊर्जेपैकी साधारण पाव किंवा त्याहून थोडा कमी भाग पायडलपर्यंत पोहोचतो, बाकीची उष्णता होते. तो हिशेब धरला तरी शरीराला दोनशे किलोकॅलरीच्या आसपास ऊर्जा लागते. मध्यम आकाराच्या एका ज्वारीच्या भाकरीत साधारण तेवढीच असते. एक घाट म्हणजे एक भाकरी!

मग धाप का लागते? ऊर्जा कमी पडते म्हणून नाही, आपण ती फार घाईने मागतो म्हणून. सपाट रस्त्यावर वेगाने जाताना बराचसा जोर हवा कापण्यात जातो. चढावर वेग इतका कमी असतो की हवेचा अडथळा नगण्य होतो. जवळजवळ सगळा जोर स्वतःला वर उचलण्यात जातो. म्हणून तिथे हिशेब सरळ आहे. ताशी ८ किलोमीटर वेगाने चढलात तर वरचा चढ अर्ध्या तासात संपेल. ताशी १२ ने चढलात तर वीस मिनिटांत. दहा मिनिटे वाचतात, पण हृदयाकडून दर क्षणाला दीडपट काम मागावे लागते. चाळिशी-पन्नाशी ओलांडलेल्या साधकाने हा सौदा करावा का, हे ज्याचे त्याने ठरवावे. माझे मत विचाराल तर नव्या वाटेवर पहिल्या दिवशी तरी मुळीच करू नये.

ज्यांना रक्तदाब, मधुमेह किंवा हृदयाचा त्रास आहे, किंवा ज्यांनी बऱ्याच वर्षांत शरीराला असा ताण दिलेला नाही, त्यांनी घाटाआधी डॉक्टरांना विचारावे. यात संकोच कसला?

पहिली फेरी : केवळ बोपदेव, जाऊन परत

फेरी कितीही मोहक असली तरी पहिल्या दिवशी ती पूर्ण करायची नाही. पहिल्या दिवशी बोपदेव घाट चढायचा आणि त्याच वाटेने खाली यायचे. यामागे एक कारण आहे, आणि सगळ्या पाठाचा गाभा तेच आहे.

चढताना आपला वेग माणसाच्या पळण्याइतकाच असतो, कधी चालण्याइतका. त्या वेगात रस्ता वाचता येतो. कोणत्या वळणावर खडी सांडली आहे, डांबर कोठे उखडले आहे, पावसाचे पाणी कोठून आडवे वाहते आणि शेवाळ कोठे धरले आहे, समोरून येणारी बस कोणत्या वळणावर शेवटच्या क्षणापर्यंत दिसत नाही, हे सारे चढताना डोळ्यांसमोरून सावकाश सरकते. उतरताना हेच सारे चौपट वेगाने अंगावर येते. तेव्हा पाहून निर्णय घ्यायला वेळ नसतो. जे आधीच ठाऊक आहे तेवढेच कामी येते. म्हणजे चढ हा उताराचा अभ्यास आहे. ज्या घाटाचा चढ आपण केला नाही, त्याचा उतार आपण वाचलेला नाही. न वाचलेला उतार, तोही थकलेल्या अवस्थेत, फेरीच्या शेवटी घ्यायचा, यात शहाणपण नाही.

म्हणून चढताना दर वळणाला मनात एक खूण ठेवा. मोठे झाड, संरक्षक कठडा तुटलेली जागा, चहाची टपरी. चढताना दुसरी बाजूही पाहावी लागते, कारण खाली येताना आपण त्या बाजूने येणार असतो. सुरुवातीला हे अवघड वाटेल, कारण धाप लागली की दृष्टी आपोआप पुढच्या चाकावर येऊन थांबते. दृष्टी चाकावर आली हे लक्षात येणे, हाच एक मापक समजा. तसे झाले म्हणजे आपण आपल्या शक्तीबाहेर चाललो आहोत. वेग कमी करा, मान वर करा, रस्ता पुन्हा दिसू लागेल.

दुसरा मापक श्वासाचा. सोबतच्याशी एक पूर्ण वाक्य न तुटता बोलता येत असेल तर गती योग्य आहे. एकटे असाल तर स्वतःशीच बोला, किंवा जो नित्याचा जप असेल तो ओठांवर ठेवा. शब्द मध्येच तुटू लागले की गिअर हलका करा. गिअर संपले असतील तर उतरून चाला. सायकल हातात धरून घाट चालत चढण्यात काहीही कमीपणा नाही. गिअर नसलेली सायकल असेल तर बराचसा घाट तसाच चढावा लागेल, आणि रस्ता वाचायला तो उत्तमच.

छातीत दडपण, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, भोवळ, अचानक थंड घाम यांपैकी काही जाणवले तर तिथेच थांबायचे. ‘वर जाऊन बसू’ म्हणायचे नाही. सावलीत बसून मदतीसाठी १०८ किंवा ११२ क्रमांकाला फोन करायचा. हे लिहिताना कोणाला घाबरवण्याचा हेतू नाही. पण घाटाच्या चढावर अभिमान आणि शरीर यांचे भांडण लागते तेव्हा शरीराच्या बाजूने बोलणारा कोणी जवळ नसतो.

विसावा

दिवे घाट म्हटला की पुणेकरांना आषाढी वारी आठवते. ज्येष्ठ वद्य अष्टमीला संत ज्ञानेश्वर महाराजांची पालखी आळंदीहून निघते, पुण्यात मुक्काम करते आणि पुढे हडपसरपर्यंत येऊन दिवे घाटाने सासवडला जाते. तुकाराम महाराजांची पालखी हडपसरहून सोलापूर रस्त्याने वेगळी होते. पुण्याहून सासवडचा टप्पा हा वारीतील मोठ्या टप्प्यांपैकी एक, आणि त्याच्या शेवटाकडे हा घाट! रथाला जादा बैलजोड्या जुंपल्या जातात. टाळ-मृदंग थांबत नाही. सत्तरीच्या आजीबाई डोक्यावर तुळस घेऊन तो घाट चढतात.

त्या आजीबाई वर कशा पोहोचतात याचा कधी विचार केला आहे का? श्रद्धा आहेच. पण वारीत एक व्यवस्थाही आहे, आणि आपण तिच्याकडे फारसे लक्ष देत नाही. वारीत विसावे ठरलेले असतात. पालखी कोठे टेकायची, न्याहारी कोठे, दुपारचे भोजन कोठे, हे सारे आधीच निश्चित असते. दमल्यावर बसणे आणि ठरलेल्या जागी बसणे यांत फरक आहे. दमून बसणाऱ्याच्या मनात हरल्याची भावना असते. विसाव्यावर बसणाऱ्याच्या मनात ती नसते, कारण तो विसावा वाटचालीचाच भाग आहे.

सायकलवरच्या घाटालाही हाच नियम लावून पाहा. निघण्याआधीच ठरवा की घाटाच्या पायथ्याला पहिला विसावा, घाटाच्या मध्यावर रुंद जागा पाहून दुसरा, माथ्यावर तिसरा. दम लागला नसला तरी थांबायचे. दोन घोट पाणी, नाडी शांत होईपर्यंत उभे राहणे, आणि मागे वळून पाहणे. बोपदेवच्या वरच्या वळणांवरून मागे पाहिले की पुणे शहर खाली पसरलेले दिसते. चढताना ते आपल्या पाठीशी असते. थांबला नाहीत तर दिसतच नाही.

परतण्याची वेळही आधीच ठरवावी. समजा, साडेआठला जिथे असू तिथून मागे वळायचे. मग माथा शंभर पावलांवर असला तरी वळायचे. हे ऐकायला सोपे आहे, करायला फार कठीण. आमच्या अभ्यासवर्गातील एक गृहस्थ, वय अठ्ठावन्न, नोकरीतून नुकतेच मोकळे झालेले. त्यांच्या पत्नीने एकच अट घातली होती की माथ्यावर पोहोचलात की फोन, आणि साडेआठपर्यंत फोन आला नाही तर मी समजेन की तुम्ही परत फिरलात. पहिल्या रविवारी ते तिसऱ्या वळणावरून परत आले. दुसऱ्या रविवारी त्याहून दोन वळणे वर गेले आणि परत आले. वर्गात कोणीतरी थट्टेने विचारले, “काका, अजून माथा गाठला नाहीत?” ते म्हणाले, “गाठला नाही, पण खालची पाच वळणे मला आता डोळे मिटून सांगता येतात.” आणि त्यांनी खरोखरच सांगितली. कोणत्या वळणाला खड्डा, कोठे वाऱ्याचा झोत, कोठे बसचा हॉर्न आधी ऐकू येतो. तिसऱ्या रविवारी आठ वाजून दहा मिनिटांनी घरी फोन गेला. त्यांचा उतार त्या दिवशी वर्गातील सगळ्यांत शांत होता, असे सोबत गेलेल्या तरुणांनी सांगितले.

एक सूचना जाता जाता. सायकलस्वारांचे वेग आणि क्रम लावून दाखवणारी ॲप सध्या फार लोकप्रिय आहेत. सपाट रस्त्यावर त्यांची गंमत असेल. नव्या घाटावर फोन पिशवीत राहू द्यावा.

उतार

उताराला निघण्याआधी माथ्यावर ब्रेक तपासा. दोन्ही ब्रेक दाबून सायकल पुढे ढकलून पाहा. चाक फिरता कामा नये. अंगात घाम असतो आणि उतारावर वारा लागतो, म्हणून पातळ जाकीट किंवा निदान छातीशी धरायला वर्तमानपत्राची घडी जवळ असावी. बोटे गारठली तर ब्रेक नीट दाबले जात नाहीत.

वेग दीडपट झाला की थांबायला लागणारे अंतर सव्वादोनपट होते. ताशी ३० ऐवजी ४५ च्या वेगाने उतरणाऱ्याला वाटते की आपण थोडेसेच जास्त वेगाने चाललो आहोत. ते थोडेसे नसते. उतारावर हे अंतर आणखी वाढते, कारण गुरुत्वाकर्षण आपल्या विरुद्ध असते, आणि कडा ओल्या असतील तर कडेला घासणारे ब्रेक पहिल्या काही क्षणांत पकडच घेत नाहीत.

ब्रेक सतत अर्धवट दाबून ठेवण्याची सवय अनेकांना असते. त्याने चाकाची कड किंवा डिस्क तापत जाते. फार तापली तर कडेवरच्या ब्रेकच्या सायकलची ट्यूब फुटू शकते आणि डिस्कचा ब्रेक मऊ पडतो. त्याऐवजी वळण येण्याआधी, सायकल सरळ असताना, दोन्ही ब्रेक ठामपणे दाबून वेग कमी करावा, मग हलके सोडून वळण घ्यावे. वळणाच्या मध्यात पुढचा ब्रेक एकदम दाबू नये. आणि मध्यावरच्या विसाव्याला उतरतानाही थांबावे. मनगटांना विश्रांती मिळते, ब्रेक निवतात, आणि मागून येणाऱ्या गाड्या पुढे निघून जातात.

पावसाळ्यात हा घाट सर्वांत देखणा आणि सर्वांत फसवा असतो. धुके, शेवाळ, वरून निसटून आलेले दगड. पहिल्या ओळखीसाठी पावसाळा टाळावा. दिवाळीनंतरची थंडी उत्तम. घाटात उजाडल्यानंतर शिरावे, अंधारात आणि एकट्याने जाऊ नये. मागे लाल दिवा आणि डोक्यावर हेल्मेट असावे, आणि कोणत्या वाटेने जात आहोत हे घरच्यांना ठाऊक असावे.

दुसरी फेरी आणि तिसरी

दुसऱ्या फेरीला हडपसरकडून दिवे घाट. वडकी सोडली की चढ लागतो. वळणांवरून खाली मस्तानी तलाव दिसतो, माथ्यावर विठ्ठलाची उंच मूर्ती आहे. हा रस्ता आता पालखी मार्गाच्या राष्ट्रीय महामार्गात मोडतो, त्यामुळे जड वाहने अधिक. रुंदीकरणाचे काम चालू असेल त्या काळात घाट काही वेळ बंद ठेवला जातो. निघण्याआधी स्थानिक बातम्या पाहाव्यात. काम सुरू असताना सायकलने हा उतार घेऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. बोपदेवच्याच वाटेने परत यावे.

दोन्ही घाट असे एकेकदा चढून-उतरून झाले की तिसऱ्या वेळी फेरी पूर्ण करायला आपण सिद्ध असतो. त्या दिवशी एक गोष्ट आनंदाने लक्षात येईल. बोपदेवच्या माथ्यावर पोहोचल्यावर पलीकडे तेवढाच खोल उतार नाही. डोंगराच्या त्या बाजूची जमीनच उंच आहे. रस्ता शेतांमधून, हलक्या चढउतारांनी सासवडकडे जातो, आणि परतीला दिवे घाटाच्या माथ्यापर्यंतचा चढही सौम्य असतो. श्रमाचा मोठा भाग सकाळीच झालेला असतो.

बोपगावजवळ कानिफनाथांच्या डोंगराकडे फाटा जातो. तो चढ वेगळ्या दिवसासाठी ठेवा. पुढे अंजिराच्या आणि सीताफळांच्या बागा दिसू लागतात. पुरंदरच्या अंजिराला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. सायकलवर असल्यामुळे बांधावर थांबून मालकाशी दोन शब्द बोलता येतात. “राम राम” म्हटले की उत्तर येतेच, आणि बहुधा पाठोपाठ प्रश्न येतो, “कुठून आलात सायकलवर?” पुण्याहून म्हटले की पाण्याचा तांब्या बाहेर येतो. या भागात पाऊस कमी पडतो आणि पाण्याची किंमत इथल्या माणसाला शहरी माणसाहून अधिक ठाऊक आहे. तो तांब्या तसा घ्यावा. प्लॅस्टिकची रिकामी बाटली मात्र आपल्याच पिशवीतून परत आणावी. सोमवारी सकाळी घाटमाथ्यावर जो कचरा दिसतो तो गावकऱ्यांचा नसतो.

सासवडला कऱ्हा नदीच्या काठी संत सोपानदेवांची समाधी आहे. तिथला विसावा थोडा मोठा असू द्या. पालखी सोहळ्याच्या दिवसांत सोपानकाकांची पालखी येथूनच पंढरपूरला निघते. संगमेश्वराचे जुने मंदिरही नदीकाठीच आहे. पायऱ्यांवर बसून डबा उघडावा, पाय लांब करावेत.

आणि तिथे बसल्या बसल्या एक गोष्ट मनाशी जुळवून पाहा. सकाळी आपण जो माथा ओलांडला, तो पाणी विभागणारा माथा होता. त्याच्या उत्तरेला पडलेला पाऊस मुळा-मुठेत जातो आणि तिच्यातून भीमेत. दक्षिणेला पडलेला पाऊस या समोरच्या कऱ्हेत येतो, कऱ्हा नीरेला मिळते आणि नीरा नीरा-नरसिंहपूरला भीमेत मिसळते. तिथून भीमा पुढे पंढरपूरला जाते आणि चंद्रभागा म्हणवते. बोपदेवच्या माथ्यावर वीतभर अंतराने पडलेले दोन थेंब दोन दिशांना वाहत जातात, आणि दोघेही त्याच वाळवंटापाशी पोहोचतात. आपण मोटारीने दहा वेळा तो माथा ओलांडला. एकदाही हे ध्यानात आले नव्हते, कारण माथा कोठे आहे हेच पायांना कळले नव्हते.

तिसऱ्या फेरीहून आल्यावर एका वहीत तारीख, निघण्याची आणि परतण्याची वेळ, विसाव्याच्या जागा आणि रस्त्यात नव्याने दिसलेल्या तीन गोष्टी लिहून ठेवाव्यात. पुढच्या अभ्यासवर्गात या नोंदी आणाव्यात. इतर शहरांतील वाचकांनीही आपापल्या घाटाच्या नोंदी वर्गात वाचून दाखवाव्यात, वळणांच्या खुणांसह. पुण्याच्या गटासाठी त्या रांगेतील तिसरे दार, बोगद्याचा जुना कात्रज घाट, अजून शिल्लक आहे. त्याची पहिली फेरी नेहमीप्रमाणे बोगद्यापर्यंत जाऊन परत, एवढीच राहील.